बापाच्या नावाचा रकाना

इराणी पंचांगातल्या १३९९ सालचा शेवटचा महिना, इस्फंद, लागला, आमचा नववर्षाचा सण नवरोज तोंडावर आला, आणि ईरज शफतीचा फोन वाजायचा थांबेना.

"मुहंदिस, जिवंत आहात ना? वा! मग या जरा. आमचं यंत्र म्हणतंय की पुढच्या महिन्यापासून आमची सगळी गिऱ्हाइकं अजून जन्मायचीच आहेत."

आमच्या रश्त शहरात ज्याला कॉम्प्युटर नुसता चालू-बंद करता येतो त्यालाही लोक मुहंदिस म्हणतात, म्हणजे इंजिनियर. ईरजकडे पदवी कसलीच नव्हती. गणित शिकायला म्हणून तो विद्यापीठात गेला आणि सरकारनं विद्यापीठंच बंद केली. ती पुन्हा उघडली तेव्हा हा गडी आघाडीवर चिखलात बसून रेडिओच्या तारा जोडत होता. लढाई संपल्यावर परत आला आणि एका पुस्तकाच्या झेरॉक्सवरून, त्यातली मधली चाळीसेक पानं गायब असताना, प्रोग्राम लिहायला शिकला. त्या गायब पानांत काय होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. भाताच्या गिरण्या, औषधांची दुकानं, ड्रायव्हिंग स्कूल, निम्म्या शहराचे हिशेब ईरजच्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत चालायचे. इतक्या वर्षांनंतरही चालत होते, कारण 'चालतंय ना, मग हात कशाला लावा' हाच आमच्याकडचा खरा कायदा आहे.

आता या सगळ्या प्रोग्रामांना एक खोड होती. त्या काळी डिस्क एवढीशी, एकेक अक्षर जपून वापरायचं. म्हणून १३७२ साल लिहायचं तर नुसतं ७२ लिहायचे. पुढचं तेरा कोण चोरून नेतंय? एकट्या ईरजनं नाही, इराणातल्या झाडून सगळ्यांनी हेच केलं. वीस वर्षांपूर्वी बाकीच्या जगाचं शतक बदललं आणि त्यांच्या यंत्रांची भंबेरी उडाली, तेव्हा आम्ही सूर्यफुलाच्या बिया सोलत टीव्हीवर ती गंमत बघत होतो. फिरंग्यांचं शतक संपतंय, आपल्याला काय त्याचं! पण प्रत्येकाची पाळी येतेच. १३९९ नंतर १४०० येणार होतं, यंत्राला त्यातलं फक्त शून्य-शून्य दिसणार होतं, आणि शून्य हे नव्व्याण्णवपेक्षा लहान असतं एवढंच त्याला ठाऊक होतं. म्हणजे काल घडून गेलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी अजून व्हायची होती.

ईरज एकसष्ट वर्षांचा, गुडघे कुरकुरणारे. तरी तो मास्क लावून दारोदार हिंडला. नावं ठेवून घेतली, चहा प्यायला, दुरुस्त्या केल्या. मनातून मात्र तो खूश होता. कितीतरी वर्षांनी शहराला त्याची आठवण झाली होती.

दवाखान्याचा फोन आला तेव्हा मात्र तो हातातलं काम टाकून निघाला.

हा धर्मादाय दवाखाना थॅलेसेमियाच्या मुलांचा. डॉक्टर आवानेस नावाच्या एका आर्मेनियन माणसानं, बापाच्या घराच्या खालच्या मजल्यावर काढलेला. महिन्याला रक्त चढवलं नाही तर ही मुलं जगत नाहीत. रक्त काढायचं काम सरकारी पेढीचं, पण कुणाला कधी बोलवायचं याची यादी दवाखान्याची, आणि ती यादी ईरजच्या प्रोग्रामात.

फाटकातून आत शिरताना त्याला नेहमी सुरुवातीचेच दिवस आठवायचे. एकच यंत्र होतं, ते खोकल्यासारखा आवाज करायचं. प्रिंटर चालू झाला की मुलं रडायची थांबून ऐकत बसायची. खिडकीबाहेर आमचा तो न संपणारा पाऊस, समोवारवर चहा, आणि दुपारचे पेशंट संपले की दारात डॉक्टर. डॉक्टरांना प्रश्न फार पडायचे.

"मुहंदिस, मला सांग, फूमनकडून येणाऱ्या किती मुलांचं रक्त ओ आहे?"

"परवा सांगतो, डॉक्टर."

"परवा? आत आहे ना सगळं?"

"आत आहे. पण बाहेर काढायला वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो."

"म्हणजे मी प्रश्न यंत्राला विचारतोय की तुला?"

इथंच घोडं पेंड खायचं. प्रत्येक प्रश्नाला एक नवा प्रोग्राम, प्रत्येक प्रोग्रामात नव्या चुका, आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर प्रश्न विसरलेले. ईरज म्हणायचा, "डॉक्टर, असं काहीतरी निघायला हवं की शेजाऱ्याला विचारावं तसं यंत्राला विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं."

"मग तू काय करशील?"

"तुमच्याबरोबर चहा पिईन."

ते काहीतरी पुढे निघालंही. तेहरानहून एका कंपनीचा पोरगा ते घेऊन येऊनही गेला, गुळगुळीत काचेवर बोट फिरवून दाखवलं, दवाखान्याची जुनी फाइल उघडली तर सगळी नावं चौकोन-त्रिकोण होऊन बसली. साथ ओसरली की येतो म्हणाला तो अजून येतोच आहे. डॉक्टरांना जाऊन तर किती वर्षं झाली. ईरजला त्यांची आठवण यायची ती त्या प्रश्नांमुळेच. आता कुणी त्याला काही विचारत नसे.

दारात मलीहे खानम उभी होती, मुख्य परिचारिका. दवाखाना उघडल्या दिवसापासूनची, आणि जिभेला हाड नसलेली.

"आलात? तुमचं कार्टं बिघडलंय बघा. म्हातारपणी बापाच्या अब्रूचा पंचनामा करतंय."

"काय म्हणतंय?"

"पुढच्या महिन्याची यादी छापली. कोरी! अख्ख्या गिलान प्रांतात रक्त द्यायला एक माणूस नाही म्हणतंय."

"बाकी सगळ्यांची सोय झाली," टेबलामागून तराने म्हणाली. "लोक फोन करून येतातच. माझंच अडलंय, अमू."

अमू म्हणजे काका. तराने त्याला लहानपणापासून अमू म्हणत आली. पहिल्यांदा आली ती आईच्या कडेवर, फिकट ओठांची, आता दवाखान्याचे फोन तीच सांभाळायची. इतकी वर्षं इतक्यांचं रक्त घेऊन घेऊन तिचं अंग चिकित्सक झालं होतं, ओळखीचं नसलेलं रक्त परत लावायचं. नुसता गट जुळून भागत नसे, आतलीही खूण जुळावी लागे. तशा खुणेची मोजकी माणसं तपासून तपासून सापडलेली, आणि तीन महिने झाल्याशिवाय त्यांनाही पुन्हा बोलवता येत नाही. ती आळीपाळीनं यायची आणि तराने जगायची. नवरोजच्या सुट्टीत सगळा देश बंद. त्याआधी तिच्यासाठी रक्त मिळवून ठेवलं नाही तर काय होईल, ते त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. 

शतकाची दुरुस्ती तासाभरात झाली. पन्नासच्या खालचं साल दिसलं की पुढे चौदा धर, नाहीतर तेरा. ईरजनं बटण दाबलं आणि तरानेच्या नावापुढे चार नावं उभी राहिली; बाकीच्यांचे तीन महिने अजून भरायचे होते. त्यानं मान ताठ करून मलीहेकडे बघितलं.

"थकू नका, मुहंदिस!" मलीहे म्हणाली. कामावरच्या माणसाला आमच्याकडे असंच म्हणतात. तिनं फोन उचलला.

पहिला हृदयाच्या गोळ्यांवर होता, त्याचं रक्त चालणार नव्हतं. दुसरा मुलीकडे हाम्बुर्गला गेलेला. तिसऱ्याचा फोन त्याच्या सुनेनं उचलला, आणि मलीहेनं "खुदा त्यांना शांती देवो" म्हणून हळूच ठेवला. चौथा अंझलीचा इस्हाक सय्यादी, मासेमारी करणारा. तीन महिने भरले की न बोलावता यायचा, येताना खारवलेला मासा आणायचा.

"इस्हाक आगा आहेत का?" मलीहेनं विचारलं. मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "कधी? ... दे महिन्यात? दीड-दोन महिने झाले? आणि आम्हाला ... नाही खानम, काही काम नव्हतं. सहज केला होता. तुमचं दुःख आमचंही आहे."

तिनं फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसली. "बहीण होती. सतरा दिवस मशीनवर होता म्हणाली."

ईरज पडद्याकडे बघत होता. चारही नावं तिथं तशीच ठणठणीत उभी होती. नाव, आडनाव, बापाचं नाव, गाव, गट, शेवटची तारीख. या प्रोग्रामात त्यानं सगळं घातलं होतं, फक्त माणूस मेला हे लिहायला जागा ठेवली नव्हती. तेव्हा तो तिशीत होता, त्याला ते सुचलंच नसेल. 

"मग आता?" तराने म्हणाली. आवाज अगदी साधा, बसची वेळ विचारावी तसा. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अशी खूण रक्तात येते कुठून, मलीहेजान?"

"आईबापाकडून. भावंडांत असायचा संभव असतो. म्हणून तर तुझ्या भावाला तपासलं होतं ना."

"मग या चौघांची भावंडं?"

"असतील की. इस्हाकच्या बहिणीला तर आत्ता विचारवत नाही. आणि बाकीच्यांचं म्हणशील तर मुहंदिसच्या यंत्राला काय ठाऊक कोण कुणाचं भावंड?"

ईरज खुर्चीत सरळ झाला.

बापाच्या नावाचा रकाना! त्यानं आयुष्यभर त्या रकान्याला शिव्या घातल्या होत्या. आमच्याकडे कुठलाही कागद बापाच्या नावाशिवाय पुरा होत नाही, मग तो लग्नाचा असो की गॅसच्या शेगडीचा. म्हणून डॉक्टरांनी तो घालायला लावला, वीस अक्षरांचा. सालातली दोन अक्षरं वाचवायला ईरजनं जीव टाकला आणि इथं वीस अक्षरं प्रत्येक माणसामागे फुकट! इतक्या वर्षांत एकाही प्रोग्रामानं त्या रकान्यात डोकावलं नव्हतं. आणि आमच्या बायका लग्नानंतरही बापाचंच आडनाव लावतात. म्हणजे बहीण कुठंही नांदत असो, आडनाव तेच, बापाचं नाव तेच.

"आणि यादीत फक्त नेहमीचे नाहीत," तो म्हणाला. "आशूराचेही आहेत."

मोहर्रममध्ये आशूराच्या दिवशी इमामांच्या नावानं रक्त द्यायला लोक रांगा लावतात. वर्षातून एकदा देतात आणि जातात. त्यांचा नुसता गट तपासायचा, नाव टिपायचं, पुन्हा बोलवायचं नाही. अशी हजारो नावं तळाशी पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तेहरानच्या पोरानं आणलेल्या नव्या अवजारात हा प्रश्न एका ओळीचा. 'या चौघांचं ज्यांच्याशी आडनाव, बापाचं नाव आणि गाव जुळतं ते दाखव', बस. इथं ईरजनं बाह्या सारल्या, मलीहेनं चहा ठेवला आणि तराने खुर्ची ओढून शेजारी बसली, लहानपणी बसायची तशी. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली आणि ईरजला वाटलं, दारात आत्ता डॉक्टर येऊन उभे राहतील.

पहिल्या फेरीत एकही नाव आलं नाही. यंत्र पहिल्या माणसापाशीच थांबून गप्प झालं.

"मेलं का?" मलीहेनं विचारलं.

"शुभ बोला हो."

त्यानं ओळ न् ओळ वाचली. मग कपाळावर हात मारला. जुन्या यंत्राला वाचायला एकच बोट असतं. पहिल्या नावावर बोट ठेवून ते त्याचं भावंड शोधायला निघालं, शोधत यादीच्या तळाला पोचलं, आणि आपण निघालो कुठून हेच विसरलं. पुढचा माणूस घ्यायचा तर खाली कुणी उरलंच नव्हतं. तीच चूक त्यानं १३७२ मध्ये केली होती, त्याच खोलीत, आणि तीन दिवस डोकं खाजवलं होतं. या वेळी त्याला हसू आलं. त्यानं तीच यादी दुसऱ्यांदा, दुसऱ्या नावानं उघडली. एका बोटानं जागा धरायची, दुसऱ्यानं शोधायचं.

"अमू, एवढं करण्यापेक्षा मीच वाचून काढलं असतं," तराने म्हणाली.

"वाच ना. वीस हजार आहेत. तोवर मी वांगी भाजून मिर्झा कासमी करून आणतो."

दुसऱ्या फेरीत नावं आली. बरीचशी त्या चौघांची स्वतःचीच, कारण माणसाचा आणि त्याचा स्वतःचा बाप एकच असतो हे ईरज सांगायला विसरला होता. ती गाळली. खाली एकच नाव उरलं.

ताऊस सय्यादी. बाप शुकूर. गाव अंझली. आशूरा, एकदाच. वय अठ्ठेचाळीस. पुढे फोन नंबर.

मलीहेनं नंबर वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "हा तर इस्हाकच्या घरचाच नंबर. मघाशी हिच्याशीच बोलले मी. ही बहीण." तिनं फोनवरचा हात काढून घेतला. "मला नाही जमायचं, मुहंदिस. दोन तासांपूर्वी म्हटलं काही काम नव्हतं. आता कुठल्या तोंडानं रक्त मागू? घरात दिवा लावायची इच्छा नसेल तिला."

ईरज पडद्याकडे वळला. त्याचं काम यंत्राला विचारण्यापर्यंतच होतं. माणसांना काय विचारावं हे त्याला कधीच जमलं नव्हतं, म्हणून तर तो यंत्रांत रमला.

तराने म्हणाली, "राहू दे मलीहेजान. नवरोजनंतर बघू."

हे 'नवरोजनंतर' मलीहेला सोसलं नाही. तिनं फोन ओढला.

"ताऊस खानम, मी मघाचीच. मी खोटं बोलले. काम होतं."

 फोन असा मोठ्या आवाजाचा की खोलीत सगळं ऐकू यायचं.

मलीहेनं सगळं सांगितलं. तुमचा भाऊ तीन महिन्यांनी यायचा तो एका माणसासाठी यायचा. त्या माणसाला आता कुणी नाही. तुमचं रक्त जुळेल असं नक्की नाही, नुसती आशा आहे.

"भावाचा चाळीसावा दिवस होऊन थोडेच दिवस झालेत," ताऊस म्हणाली. "माणूस माझ्या घरातून गेला, आणि तुम्ही पुन्हा माझ्याच दारात?"

"हो खानम. दुसरं दार नाही."

"मला वाटायचं मासे विकायला जातो रश्तला."  नाक ओढल्याचा आवाज आला. "कुणाला जायचं त्याचं रक्त?"

"ते सांगायची परवानगी नसते."

"मुलगा की मुलगी, एवढं तरी सांगा."

मलीहेनं तरानेकडे बघितलं. "मुलगी."

"बरं," ताऊस म्हणाली. "उद्या येते. माझ्याकडे गाडी नाही, बसनं येते. उशीर झाला तर दार लावून घेऊ नका."

ती आली, दंड पुढे केला, कुणाशी न बोलता गेली. तपासणीचा निकाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत ईरजनं शहरातल्या एकाही फोनला उत्तर दिलं नाही. भाताचा व्यापारी शिव्या घालत राहिला. खूण जुळली, असं सांगायला मलीहेनं फोन केला तेव्हा ती धड बोलूच शकत नव्हती. ईरजनं "हं, हं" केलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं. ताऊस पुन्हा बसनं आली, रक्त देऊन गेली. मलीहेनं ईरजच्या हातात सात वर्षं मुरलेल्या लसणाच्या लोणच्याची बरणी ठेवली. एवढं जुनं लोणचं आमच्याकडे कुणी कुणाला उगीच देत नाही.

१४०० साल उजाडलं. यंत्रं चालत राहिली. तरानेला रक्त चढलं, गालांवर रंग आला, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं ईरजला फोन केला.

"अमू, गाडी काढता का? अंझलीला जायचंय."

"तिला कळू द्यायचं नाही असा नियम आहे. मलीहे काय म्हणाली?"

"म्हणाली, मी काही ऐकलं नाही."

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं तिथं नवरोजला आधी जायचं, अशी आमची रीत. पहिली ईद त्या घराची; नवरोजलाही आम्ही ईदच म्हणतो. एरवी अशा घरात बसायला जागा नसते. त्या वर्षी साथीच्या भीतीनं कुणी कुणाकडे गेलं नाही. ताऊसच्या अंगणात मात्र खुर्च्या मांडलेल्या होत्या, भिंतीला काळं कापड, टेबलावर खजुराचं ताट, वर कागद झाकलेला. एकाही खजुराला कुणी हात लावलेला नव्हता.

ईरज फाटकाशीच थांबला. तराने पायरीपर्यंत गेली. दाराची एक फळी उघडून ताऊस बाहेर आली, काळ्या कपड्यांत, मास्क लावलेली. तिनं या अनोळखी पोरीकडे बघितलं, तिच्या दंडावरच्या चिकटपट्टीकडे बघितलं.

"ईदला आले, खानम," तराने म्हणाली.

ताऊसनं तिच्या मागे रस्त्याकडे नजर टाकली, आणखी कुणी येतंय का बघायला. "एकटीच आलीस का गं?"

"नाही," तराने म्हणाली. "इस्हाक आगांना घेऊन आले."

 ताऊसनं वाकून खालची कडी काढली आणि दाराची दुसरी फळीही उघडली.